शनिवारवाले

सातव्या महिन्यात माझं बाळ गेलं तेव्हा आम्हाला डोंबिवलीत राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी मला जिन्यात मध्येच बसावं लागलं. जिथे बसले तिथलं समोरचं दार उघडं होतं. आतून साठीच्या पुढची एक बाई आली. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आमच्या पुढे जिना चढायला लागली. ओळख ना पाळख. नवऱ्याने कुलूप उघडलं तशी ती आत गेली, पिशवी ठेवली आणि सिंकमध्ये साचलेली भांडी घासायला लागली.

तेव्हापासून ती आमची मावशी झाली. पुढचे बरेच दिवस ती रोज यायची. कधी भाकरी, कधी नाचणीची पेज, कधी नुसतीच येऊन कपडे वाळत घालायची. नवरा कोलशेतला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ मी एकटीच असायचे. बाकी माणसंही भेटायला येत होती. पण प्रत्येकाकडे एकेक कारण असायचं. कोणी म्हणे, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंत तिथेच चुकलं. मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, तर कोणी म्हणे, तिथल्या वासानेच झालं असणार. एक नातेवाईक बाई तर ग्रहणापर्यंत पोचल्या. आमच्या बौद्ध घरात ग्रहण कोणी पाळत नाही हे त्यांना माहीत होतं, तरीही.

मावशी काहीच म्हणायची नाही. शेवटी मीच एकदा विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?"

"मला नाही ठाऊक, बाळा," ती म्हणाली. "भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे."

त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

मावशी ख्रिश्चन आहे हे मला शेजारणीकडून कळलं. "ती ना, शनिवारवाल्यांची आहे," शेजारीण म्हणाली. दर शनिवारी सकाळी मावशी पांढरी साडी नेसून, खांद्याला कापडी पिशवी लावून जिना उतरताना मला दिसायची. मला वाटायचं, कुठेतरी भजनाला जात असेल.

कामावर परत जायला लागले त्याच्या थोडं आधी मी तिला विचारलं, "शनिवारी जाता कुठे?"

"चर्चला."

"शनिवारी?"

"आमचं शनिवारीच असतं. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो आणि शनिवारी मावळला की सुटतो. तेवढा वेळ कामधंदा बंद."

"मी येऊ?"

"ये की. जिने मात्र तिथेही आहेत."

इतक्या दिवसांत तिने मला एकदाही चल म्हटलं नव्हतं. पुढे ओळख मुरल्यावर मी तिला याचं कारण विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा तू कोणालाच नाही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हतीस. अशा माणसाला बोलवू नये."

चर्च म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर घंटा, उंच खिडक्या, मेणबत्त्या असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात कल्याण पूर्वेला एका कोचिंग क्लासचा हॉल निघाला. शनिवारी सकाळी क्लासला सुट्टी, म्हणून तो या अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीला, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या या ख्रिस्ती पंथाला, मिळालेला. पुढच्या फळ्यावर गणिताची सूत्रं आणि त्यांच्या खाली ठळक अक्षरात 'पुसू नये'. त्यांचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, त्या 'पुसू नये'च्या पुढेच उभे राहून उपदेश करत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते पस्तिशीचे असतील. साधी पँट, इन केलेला शर्ट, आवाज बारीक. कडेला एक उंच, गोरेसे म्हातारे गृहस्थ पेटी वाजवत होते. त्यांना सगळे काका म्हणत. गाणी मराठी होती, मधूनच एक हिंदी. मागच्या बाकांवर तमिळ बायका होत्या. त्या मराठी गाणं मराठी चालीत, पण स्वतःच्या भाषेत म्हणत होत्या.

प्रार्थनेत मला फारसं काही कळलं नाही. जेवण मात्र लक्षात राहिलं. सगळ्यांनी घरून डबे आणलेले, ते एका टेबलावर उघडून ठेवले. ख्रिश्चनांकडे मटण असणार असं मी मनात धरून गेलेले. इथे मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, लिंबूभात आणि काकडीची कोशिंबीर. जेवणानंतर मी सवयीने म्हटलं, "चहा कुठे मिळेल?" तर दोघी-तिघी हसल्या. त्यांच्यात चहासुद्धा बरेच जण घेत नाहीत. मला लिंबू सरबत मिळालं. डोकं दुखेपर्यंत मी चहाची आठवण काढत होते, पण पुढच्या शनिवारी पुन्हा गेले.

कशासाठी गेले, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. एक प्रसंग सांगते. एका शनिवारी एक जोडपं त्यांचं तान्हं बाळ घेऊन पुढे आलं. पाळकसाहेबांनी बाळ हातात घेतलं, बाळासाठी प्रार्थना सुरू केली. मी उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता कोणीतरी येईल, पाठीवरून हात फिरवील, देवाच्या मनात काय आहे ते समजावून सांगेल. मावशी आली. भिंतीला टेकून माझ्या शेजारी उभी राहिली. आतली प्रार्थना संपली, गाणं झालं, बाळ रडलं, मग गप्प झालं. "चल," ती म्हणाली, आणि आम्ही आत गेलो. पुढच्या बाकावरच्या एका बाईने न बोलता सरकून आम्हाला जागा दिली. त्या बाकावरची ती जागा मग माझीच झाली. मी गेले नाही तर लोक ती रिकामी ठेवत.

लॅबमध्ये शनिवारची सुट्टी मागितली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "रविवारी उपाशीपोटी रक्त द्यायला गर्दी असते, तेव्हा कोणीच यायला तयार नसतं. तू येशील?" मी हो म्हटलं. माझ्या सहकाऱ्यांना वाटलं, ही बावळट आहे. नवऱ्याला वाटलं, आता आपली दोघांची सुट्टी कधीच एका दिवशी येणार नाही. तो दोनेक आठवडे धुसफुसला. मग एकदा डबा खायला म्हणून चर्चला आला आणि धुसफूस थांबली.

आप्पांचं मात्र तसं होणार नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉन कंपनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कंपनी बंद पडली, तरी ते आणि आई तिथेच राहिले, चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत. आप्पा विहाराच्या कमिटीत होते. पौर्णिमेची वंदना, मुलांची अभ्यासिका, पावसाळ्यात वर्षावासातलं ग्रंथवाचन, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. ओठाखाली तंबाखू ठेवूनही स्पष्ट बोलायची कला त्यांना साधली होती. फक्त वंदनेच्या आधी ते नळावर जाऊन चूळ भरत.

कल्याणला कोणीतरी मला हातात बायबल घेऊन जाताना बघितलं आणि बातमी मोहन्याला पोचली. पुढच्याच रविवारी संध्याकाळी आप्पा एकटेच डोंबिवलीला आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, "शनिवारी कुठे असतेस?"

"कल्याणला. चर्चला."

"कशाला?"

"बरं वाटतं, आप्पा."

"बरं वाटायला डॉक्टर असतो." मग म्हणाले, "माझ्या बापाने गावकीची कामं सोडली. घरातले देव उचलून नदीत सोडले. गावाने पाणी तोडलं, पीठ दळून देईनात, तरी मागे फिरला नाही. ते सगळं कशासाठी केलं? तू पुन्हा कोणाच्या तरी पुढे गुडघे टेकावेस म्हणून?"

"तिथे मला कोणी गुडघे टेकायला लावत नाही."

"आज नाही लावत."

त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नव्हतं. आजोबांची ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले होते. तिचा अभिमान मला आजही आहे. पण माझ्या रिकाम्या घरात त्या दिवसांत रोज मावशी आली होती, हेही तेवढंच खरं होतं. आप्पांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तर ते म्हणाले, "वर जा, दमशील," आणि पुढचे कितीतरी महिने आले नाहीत. मी फोन केला की आई उचलायची. मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

त्याच काळात मंडळीने तंबाखू सोडवण्याचा वर्ग घ्यायचं ठरवलं. अ‍ॅडव्हेंटिस्ट लोकांचं हे जुनं काम. त्यांच्यात दारू-तंबाखू वर्ज्य, त्यामुळे ती सोडवायची कशी याचे त्यांचे आडाखे ठरलेले. आठवडाभर रोज संध्याकाळी जमायचं, पाणी भरपूर प्यायचं, तल्लफ आली की दीर्घ श्वास घ्यायचे, जेवल्यावर टपरीवर न जाता चालायला जायचं, आणि रोज एकमेकांना खरं सांगायचं. वर्ग घ्यायचा कुठे, यावर चर्चा चालली. कोणी ठाण्यातल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचं क्लबहाऊस सुचवलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "तिथे तंबाखू कोण खातं?"

मी म्हटलं, "मोहन्याला घ्या." कंपनी बंद झाल्यापासून चौकात बसून चुना मळणाऱ्या माणसांना मी लहानपणापासून काका-मामा म्हणत आले होते. त्यातल्या काहींची तोंडं आता बोटभरसुद्धा उघडत नव्हती. मोहन्यात जागा म्हणजे विहाराचा हॉल. आणि हॉल मागायचा म्हणजे आप्पांच्या कमिटीसमोर जायचं.

पाळकसाहेब, मावशी आणि मी गेलो. विहाराबाहेर चपला काढून आत सतरंजीवर बसलो. कमिटीचे चार-पाच जण समोर. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाळकसाहेबांना विचारलं, "यात तुमचा फायदा काय?"

"फायदा काही नाही," पाळकसाहेब म्हणाले. "आमच्या मंडळीतले बरेच जण तंबाखू सोडूनच आलेत, त्यामुळे कशी सोडायची ते आम्हाला माहीत आहे. एवढंच."

"आज म्हणाल तंबाखू सोडा. उद्या म्हणाल आता धम्म सोडा."

पाळकसाहेब म्हणाले, "तसं कोणी म्हणालं तर तुम्ही त्याला हॉलच्या बाहेर काढा. मी म्हणालो तर मलाही."

"काढीन," आप्पा म्हणाले.

मग अटी ठरल्या. प्रार्थना नाही, बायबल नाही, पत्रकं वाटायची नाहीत. पाळकसाहेबांनी सगळ्या मान्य केल्या. खरी कुरकुर झाली ती कल्याणला, आमच्या स्वतःच्या लोकांत. पेटीवाले काका म्हणाले, "प्रभूचं नावच घ्यायचं नाही, तर मग आपल्यात आणि सरकारी दवाखान्यात फरक काय?" बऱ्याच जणांनी माना हलवल्या.

मावशी सहसा सभेत बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "माझ्या नवऱ्यासाठी मी रोज प्रार्थना केली. सगळ्या मंडळीने केली. त्याची तंबाखू काही सुटली नाही. शेजारी बसून 'आज नको खाऊ, चल चालून येऊ' म्हणणारा कोणी भेटला असता तर काय झालं असतं, हे मला अजून कळायचंय. नाव घेतलं नाही म्हणून प्रभू काय घरी बसून राहणार आहे?"

काकांनी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे, मीही येतो."

वर्ग सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी आप्पा हॉलच्या अगदी मागे, दाराजवळ बसले. "मी देखरेखीला आहे," त्यांनी शेजाऱ्याला मोठ्याने सांगितलं. तंबाखूची पुडी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, ती सगळ्यांना दिसत होती. वर्गाच्या आधी रोज वंदना व्हायची. त्रिसरण, पंचशील सुरू झालं की मी लहानपणापासून पाठ असलेलं सगळ्यांबरोबर म्हणायचे. मावशी उभी राहायची. हात जोडायची नाही, ओठ हलवायची नाही. मान खाली घालून, वंदना संपेपर्यंत नीट उभी. मला वाटलं, आप्पा यावर काहीतरी बोलणार. पण आई मला नंतर म्हणाली, "तुझे आप्पा काय म्हणाले माहितीये? ती बाई ढोंग करत नाही, म्हणाले."

मधल्या एका संध्याकाळी मावशीने स्वतःच्या घरचं सांगितलं. तिच्या नवऱ्याचा जबडा काढावा लागला होता. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, हाताच्या खुणांनी सगळं मागायचा. "मला तंबाखूचा एवढा राग आला नाही," ती म्हणाली, "जेवढा त्याच्या दोस्तांचा आला. वर येऊन त्याला बघायचे, डोळे पुसायचे, आणि खाली जाऊन तिथेच कोपऱ्यावर मळायला बसायचे. मी खिडकीतून बघायचे." हॉलमधल्या एकाने खिशातून पुडी काढून दाराबाहेर टाकून दिली आणि परत येऊन बसला. तो आप्पांच्या डिपार्टमेंटमधला, त्यांचा जुना सोबती होता.

वर्ग सुटल्यावर आप्पा मावशीजवळ आले. "बाई, तुम्ही नगरकडच्या काय? बोलण्यावरून वाटलं."

"हो. तुम्ही?"

आप्पांनी आमच्या गावाचं नाव सांगितलं. मावशीचं गाव शेजारच्याच तालुक्यात निघालं. मग ती सरळ म्हणाली, "माझा आजा महारवाड्यातलाच, भाऊ. दुष्काळात मिशनवाल्यांकडे गेला. पुढे तुमचे वडील दीक्षेला गेले. घर एकच होतं, वाटा दोन फुटल्या."

आप्पा म्हणाले, "तुमचे पोटासाठी गेले."

मावशी शांतपणे म्हणाली, "गेले असतील. पण पोट भरल्यावरही परत आले नाहीत. म्हणजे भाकरीशिवाय आणखी काहीतरी मिळालं असेल की."

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, बाई केव्हाच्या बोलतायत. पाणी आण त्यांना." कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी बोलले, ते हे.

वर्ग संपला तेव्हा काही जणांची तंबाखू सुटली होती, काहींची नाही. आप्पांनी आपण सोडतोय असं कधीच जाहीर केलं नव्हतं, पण त्यांचा खिसा सपाट दिसायला लागला. पंधरवड्याने पुन्हा फुगला. मावशीने त्यांचा नंबर घेऊन ठेवलेला होता. ती रोज सकाळी फोन करायची, "भाऊ, आज खाल्ली का?" आप्पा सांगायचे, नाही. मग आई मागून ओरडायची, "खोटं बोलतायत!" असं बरेच दिवस चाललं. हळूहळू आईचं ओरडणं बंद झालं. सुटली कधी ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. आप्पांना विचारलं तर म्हणतात, दाढ दुखत होती म्हणून बंद केली.

मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं तेव्हा आधी मोहन्याला जाऊन त्यांना सांगितलं. त्यांच्या पाठीमागून मला काही करायचं नव्हतं. ते वर्तमानपत्र वाचत होते. "मी येणार नाही," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पौर्णिमेला वंदनेला येणं बंद करणार का?"

"नाही. येऊन बसेन. मावशी उभी राहते तशी राहीन."

"बघ बाई," म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

बाप्तिस्मा शीळफाट्याच्या पुढे एका फार्महाऊसच्या पोहण्याच्या टाकीत झाला. आमच्यात डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत, सबंध माणूस पाण्याखाली घेतात, म्हणून टाकी लागते. शेजारच्या फार्महाऊसवर कोणाचा तरी वाढदिवस होता, तिथल्या स्पीकरवरची गाणी आमच्या गाण्यात मिसळत होती. नवरा मोबाईलवर फोटो काढत होता. आई टॉवेल घेऊन काठावर उभी. ती एकटीच मोहन्याहून आली होती. पाळकसाहेबांनी मला मागे झुकवलं, कानात पाणी शिरलं, आणि क्षणभर सगळे आवाज बंद झाले. त्या क्षणात मला माझ्या बाळाची आठवण आली. पाण्याबाहेर आले तेव्हा मी रडत होते, पण ओल्या चेहऱ्यावर ते कोणाला कळलं नाही. आईला कळलं. तिने डोकं पुसता पुसता विचारलं, "हे घेतल्याने तो तुला भेटणार आहे का?"

"हे लोक तसं मानतात, आई. मीही मानते."

"मग बरं आहे," ती म्हणाली आणि माझे केस खसाखसा पुसत राहिली.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या शनिवारी आप्पा आमच्या चर्चला आले. बोलावणं माझं नव्हतं, मावशीचं होतं. तिने फोनवर सांगितलं होतं, "भाऊ, मी तुमच्या विहारात येऊन बसले. तुमची लेक कुठे बसते ते तुम्हीही एकदा बघून जा." हा हिशोब आप्पांना पटला. पांढरा शर्ट घालून, माझ्या नवऱ्याबरोबर येऊन ते मागच्या बाकावर बसले.

त्या दिवशी भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी आम्ही एकमेकांचे पाय धुतो, हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. दोन खोल्यांच्या मधली भिंत गुडघाभर प्लायवूडची, वर पातळ काच, त्यामुळे पलीकडचं दिसायचं आणि ऐकूही यायचं. मावशी माझे पाय धूत होती आणि माझं लक्ष काचेकडे होतं.

आप्पा खुर्चीवर बसले होते. पेटीवाले काका प्लॅस्टिकचा टब घेऊन त्यांच्यासमोर आले. खांद्यावर टॉवेल. काका जन्माने पाटलांच्या घरातले, हे त्यांच्या आडनावावरून कोणालाही कळतं. त्याच आडनावाचे लोक आमच्या गावात पाटील होते. आप्पांना हे नक्कीच कळलं होतं. काका हळूहळू गुडघ्यावर बसले, त्यांना ते जड जात होतं, आणि त्यांनी आप्पांच्या पायाकडे हात नेला.

आप्पांनी पाय मागे घेतले. "नको."

"का हो?"

"माझे पाय कोणी धुवायचे नाहीत. आणि मीही कोणाचे धुणार नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी तुमच्याकडे खूप सेवा केली. ती फेडायला मी इथे आलेलो नाही, आणि फेडून घ्यायलाही नाही."

मी उठायला लागले तर मावशीने माझा घोटा धरून ठेवला. काका तसेच गुडघ्यावर बसून होते. त्यांचा चेहरा लाल झाला. मग ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि उठायचा प्रयत्न करायला लागले. गुडघा साथ देईना. आप्पांनीच त्यांना दंडाला धरून उभं केलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

आप्पांनी टबाकडे बघितलं. आधी कोणाचे तरी पाय धुतलेलं पाणी त्यात तसंच होतं. "हेच पाणी सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

"बदलतो ना. पण आज बदलणारा मुलगा आलेला नाही."

आप्पांनी बाह्या वर केल्या. टब उचलला, मोरीत रिकामा केला, नळाखाली विसळला, ताजं पाणी भरून आणलं आणि एका जोडीसमोर ठेवला. मग दुसरा उचलला. विधी संपेपर्यंत ते हेच करत राहिले. जोडी उठली की घाण पाणी बाहेर, ताजं आत. एकदा दारावर टकटक करून "बायकांकडे लागतंय का?" असंही विचारलं, आणि आमच्या खोलीचे टब दाराबाहेरून घेऊन भरून दिले. माझ्या पायाखालचा टबही त्यांनीच नेला. तो मी दारात नेऊन दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

भाकर-द्राक्षरसाच्या वेळी ते मागे बसून राहिले, घेतलं नाही. जेवायला मात्र काकांच्या शेजारीच बसले. दोघांचं बोलणं कंपनी बंद पडल्यानंतरच्या दिवसांवर चाललं होतं. काकांचा धाकटा भाऊही तिथेच कामाला होता असं निघालं. आप्पांना त्याचा चेहरा आठवत होता. जेवणानंतर चहा मिळत नाही म्हटल्यावर आप्पांनी माझ्या नवऱ्याकडे असं काही बघितलं, की तो लगेच उठून त्यांना खाली टपरीवर घेऊन गेला.

संध्याकाळी रिक्षाने त्यांना मोहन्याला सोडायला आम्ही दोघं गेलो. वाटेत मला वाटत होतं, आता काहीतरी येणार, चांगलं किंवा वाईट. पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा आप्पा म्हणाले, "तुमच्या पाळकांना सांग, पुढच्या वेळी टब नको, उथळ घमेली आणा. टबात पाणी फार वाया जातं."